गुरू म्हणून आली, मुरीद झाली

पहाटेचे तीन वाजलेले. पूर्व जावातल्या एका खेड्यात पोरांचा घोळका बांबूच्या नळ्या, लाकडी ठोकळे आणि रिकामे डबे बडवत गल्लीगल्लीतून फिरतो आहे. मशिदीच्या भोंग्यावरून मधूनमधून हाक येते, ‘सहूर... सहूर!’ एका घराच्या पुढच्या खोलीत मच्छरदाणीत झोपलेली परदेशी मुलगी दचकून उठते. क्षणभर तिला वाटते, गावात कुठे आग लागली. तेवढ्यात दारावर हलकी थाप पडते. घरची आई, जिला ती ‘इबू’ म्हणते, बाहेरून विचारते, ‘‘उठलीस का गं? आमच्याबरोबर खातेस, की झोपतेस?’’

काय उत्तर द्यावे, हे तिला सुचत नाही. ती मुसलमान नाही. रोजा तिच्यावर बंधनकारक नाही आणि घरातल्या कोणी तशी अपेक्षाही केलेली नाही. या गावात येऊन तिला जेमतेम दोन महिने झालेत. ती आली आहे शाळेत इंग्रजी शिकवायला, तेही पगाराविना. पण या दोन महिन्यांत तिने शिकवले थोडे आणि शिकली मात्र पुष्कळ. आता रमजान सुरू झाल्यावर तर शाळेतले तिचे तासही आखूड होणार आहेत.

हे चित्र कोणा एकीचे नाही. २०१० च्या रमजानमध्ये पूर्व जावाच्या शाळांत नव्याने रुजू झालेल्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्यांच्या वाट्याला थोड्याफार फरकाने हेच दिवस आले. त्या सर्वांची मिळून इथे एक ‘ती’ कल्पिली आहे.

बिनपगारी दोन वर्षे

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी एका आदेशाद्वारे ‘पीस कोअर’ ही संस्था स्थापन केली. तरुण अमेरिकनांनी दुसऱ्या देशात जावे, तिथल्या लोकांसारखे राहावे, त्यांची भाषा शिकावी आणि शाळा, शेती किंवा आरोग्याच्या कामात मदत करावी, अशी ही योजना. साधारण तीन महिने प्रशिक्षण आणि दोन वर्षे काम, असा एकूण सत्तावीस महिन्यांचा काळ. पगार नाही, गावातल्या साध्या राहणीला पुरेल इतका निर्वाह भत्ता मिळतो.

ही संस्था आपल्यालाही परकी नाही. १९६१ ते १९७६ या काळात तिचे स्वयंसेवक भारतात होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर याच संस्थेमार्फत १९६६ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, मुंबईत आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत सुमारे दोन वर्षे त्यांनी रुग्णसेवा केली.

इंडोनेशियात ही मंडळी प्रथम १९६३ मध्ये पोहोचली होती, पण राजकीय वातावरण तापले आणि १९६५ मध्ये त्यांना परतावे लागले. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, २०१० मध्ये, दार पुन्हा उघडले. या वेळी इंडोनेशियाची मागणी एकच होती : इंग्रजीचे शिक्षक. नव्या स्वयंसेवकांना पूर्व जावातल्या लहान गावांतील सरकारी शाळा, व्यवसाय शिक्षण देणाऱ्या शाळा आणि मदरशांत नेमण्यात आले. मदरसा हा शब्द ऐकून आपल्याकडे जे चित्र डोळ्यांसमोर येते, ते इथे लागू पडत नाही. तिथल्या ‘मदरसा आलिया’त कुराण, हदीसबरोबर गणित, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र आणि इंग्रजी शिकवले जाते, आणि मुलगे-मुली उच्च माध्यमिकचीच परीक्षा देऊन बाहेर पडतात.

आंघोळ झाली का?

पहिले धडे घरातच सुरू होतात. मोरीत टाइल्सचा एक छोटा हौद असतो. त्यातले पाणी तांब्याने अंगावर घ्यायचे, हौदात उतरायचे नाही. आपल्याकडच्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. शॉवरखाली वाढलेल्या मुलीला मात्र सांगावे लागते. दिवसातून दोनदा आंघोळ हवी. संध्याकाळी रस्त्याने जाताना शेजारीण सहज विचारते, ‘‘आंघोळ झाली का?’’ थोडे पुढे गेले की दुसरी विचारते, ‘‘कुठे निघालीस?’’ आणि तिसरी, ‘‘जेवलीस का?’’

सुरुवातीला तिला हे चौकशीखोर वाटते. मी कुठे जाते, काय खाते, आंघोळ करते की नाही, याच्याशी यांना काय करायचे आहे? महिनाभराने उमगते, की हे प्रश्न नाहीतच. हा नमस्कार आहे. आपल्याकडे ओट्यावर बसलेल्या आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘काय, बाजारात का?’ म्हणतात, तेव्हा त्यांना पिशवीतल्या भाजीची यादी नको असते. तू मला दिसलास, एवढेच त्यांना सांगायचे असते.

भाषाही एक नाही, दोन. शाळेत, सरकारी कचेरीत, बातम्यांत बहासा इंडोनेशिया. घरात आणि बाजारात जावानीज. तिच्यात वडीलधाऱ्यांशी बोलायचे शब्द वेगळे, बरोबरीच्यांशी बोलायचे वेगळे. मराठीत आपण ‘तू’, ‘तुम्ही’ बदलतो आणि क्रियापदाचा शेवट बदलतो. जावानीजमध्ये अख्खे क्रियापदच बदलते. मित्राच्या जेवण्याला एक शब्द, स्वतःच्या जेवण्याला नम्र असा दुसरा, आजोबांच्या जेवण्याला तिसरा. ‘ती’ एकदा घरातल्या आजोबांना दोस्तीतल्या शब्दात विचारून बसते, ‘‘हादडलं का?’’ घरभर हशा पिकतो. आजोबाही हसतात, आणि मग तिला बरोबर शब्द तीनदा म्हणायला लावतात.

या भाषेत मराठी वाचकाला मात्र पावलोपावली ओळखीचे चेहरे भेटतील. नावाला ‘नामा’ म्हणतात, भाषेला ‘बहासा’, शहराला ‘कोता’, बायकोला ‘इस्त्री’. प्रेमाला म्हणतात ‘चिंता’, आणि ज्याने कोणावर प्रेम केले आहे त्याला हे चुकीचे वाटणार नाही. दुसरीकडे खबर, दुनिया, वक्त, कुर्सी, माफ हे शब्दही थोडे रूप बदलून हजर आहेत. शाळेच्या दारात तर दोन्ही प्रवाह शेजारीशेजारी उभे राहतात. शिक्षकाला म्हणतात ‘गुरू’ आणि विद्यार्थ्याला ‘मुरिद’. पहिला शब्द संस्कृतातला, दुसरा अरबीतला. सूफी परंपरेत पीराकडे शिकायला येणारा तो मुरीद. एकाच वर्गात गुरू आणि मुरीद बसतात आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

रोजाला तिथे काय म्हणतात? ‘पुआसा’. मूळ शब्द आपला ‘उपवास’. जगातल्या सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या देशांत गणना होणारा हा देश रमजानमध्ये उपवास धरतो आणि मगरिबला ‘बुका पुआसा’ म्हणजे उपवास उघडतो.

चाळीस मुले आणि एक ‘मिस’

शाळा सकाळी सातच्या आसपास भरते. सोमवारी ध्वजवंदन. फाटकाशी मुले एकेक करून शिक्षकांचा हात हातात घेतात आणि कपाळाला किंवा ओठांना लावतात. पहिल्या दिवशी तिला वाटले हस्तांदोलन आहे. तिने हात जोरात हलवला आणि पोराच्या नाकावर आदळला.

वर्गात पस्तीस-चाळीस मुले. तिने प्रश्न विचारला की सगळे खाली बघतात. उत्तर येत नसते असे नाही. चारचौघांत चुकले तर लाज जाईल, ही धास्ती. एखादीने धीर करून तोंड उघडले की वाक्य येते, ‘यस्टरडे आय गो टू मार्केट.’ दुसरा सांगतो, ‘माय मदर, ही इज अ टीचर.’ तिला आधी वाटते, यांना काहीच शिकवलेले दिसत नाही. मग स्वतः इंडोनेशियन शिकताना कळते, की त्या भाषेत काळाप्रमाणे क्रियापद बदलतच नाही. ‘काल’ म्हटले की झाला भूतकाळ. तो आणि ती यांनाही एकच सर्वनाम. मुलांच्या चुका अडाणीपणाच्या नाहीत. त्यांच्या मातीतल्या आहेत. हे कळल्यावर तिचा शिकवण्याचा सूर बदलतो. तांबड्या शाईने वाक्य खोडण्याऐवजी ती आधी तेच वाक्य इंडोनेशियनमध्ये फळ्यावर लिहिते आणि दोन्ही भाषांत कुठे फरक पडतो ते मुलांनाच शोधायला सांगते. यात ती स्वतः चुकते, मुले तिला सुधारतात, आणि एकदा गुरुजीच चुकतात म्हटल्यावर मुलांची भीड थोडी मोडते.

आणखी एक शब्द तिला पहिल्या आठवड्यापासून भेटत राहतो : ‘बलुम’. अर्थ, ‘अजून नाही’. लग्न झाले का, असे तिला दिवसातून पाच जण विचारतात. ती ‘नाही’ म्हणते, तेव्हा लोक थबकतात. इबू तिला समजावते, असे तोडून बोलू नये. ‘बलुम’ म्हणावे. मुले झाली का? बलुम. जावानीज येते का? बलुम. ‘नाही’ने दार लागते, ‘बलुम’ने ते किलकिले राहते. वर्गातल्या मुलीला तिने विचारले, तुला इंग्रजी बोलता येते का, तेव्हा मुलीनेही हेच उत्तर दिले होते. तिने त्याचा अर्थ ‘येत नाही’ असा लावला आणि वहीत तशी नोंद केली. ती नोंद चुकीची होती, हे कळायला तिला रमजान यावा लागला.

अर्ध्या दिवसाचा रोजा

इंडोनेशियात शाळेचे वर्ष जुलैच्या मध्यावर सुरू होते. २०१० मध्ये पहिला रोजा ११ ऑगस्टला होता. म्हणजे नव्या शिक्षकांची घडी बसते न बसते तोच रमजान आला. शाळेचे वेळापत्रक बदलले. तास आखूड झाले. सुरुवातीला सुट्टी, मध्ये मुलांसाठी काही दिवसांचे धार्मिक शिबिर, शेवटी ईदची सुट्टी. शाळेची कँटीन बंद. पहाटे तीनपासून जागी असलेली मुले दुसऱ्या तासालाच बाकावर डोके टेकवू लागली. तिने सहा आठवड्यांचे पाठ टाचण तयार करून आणले होते. ते वहीतच राहिले.

विषुववृत्ताजवळ असल्याने जावात रोजा वर्षभर जवळजवळ सारखाच, तेरा-साडेतेरा तासांचा. आपल्याकडे उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला रोजा यांत चांगला फरक पडतो; तिथे तो प्रश्न नाही. पण ऊन आणि दमट हवा बाराही महिने सोबतीला.

पहिल्या दिवशी तिने रोजा धरला नाही. सहेरीला उठली, चार घास खाल्ले आणि परत झोपली. दुपारी शाळेतून आली तेव्हा टेबलावर जाळीच्या झाकणाखाली भात, तळलेले टेम्पे, पालेभाजीचे पाणीदार कालवण आणि सांबल वाढून ठेवलेले. सोयाबीनचे टेम्पे तिला आवडते, हे इबूने लक्षात ठेवले होते. इबू स्वतः रोजात. नमाजला जाता जाता म्हणाली, ‘‘खाऊन घे. गार होईल.’’

एकटीने त्या टेबलावर बसून जेवताना तिला जे वाटले, त्याला लाज म्हणता येणार नाही, कारण कोणी तिला लाजवले नव्हते. उपाशी माणसाने रांधलेले अन्न आपण खातो आहोत, एवढेच तिला कळत होते. ती इथे द्यायला आली होती. हिशेब लावला तर दोन महिन्यांत घेणेच झाले होते : खोली, भाषा, जेवण, आजारपणात डोक्यावर ठेवलेला हात.

दुसऱ्या दिवशी मुलांनी विचारले, ‘‘मिस, पुआसा?’’ ती म्हणाली, ‘‘बलुम.’’ वर्गात टाळ्या पडल्या. शब्द पहिल्यांदाच बरोबर जागी बसला होता.

मग घरातल्या सात वर्षांच्या नातवाबरोबर तिने सुरुवात केली. जावात लहान मुले जोहरपर्यंतचा, अर्ध्या दिवसाचा रोजा धरतात. मशिदीतला ‘बदुग’ नावाचा मोठा नगारा दुपारी वाजला की मुलांचा उपवास सुटतो. आपल्याकडेही लहान मुलांची हौस अशीच अर्ध्या दिवसावर भागवतात. दुपारी बाराला नातू आणि अमेरिकन शिक्षिका शेजारीशेजारी बसून भात खात, आणि नातू तिला बजावत असे, ‘‘उद्या अजून थोडा वेळ.’’ काही जणी असे करत करत पूर्ण रोजावर पोहोचल्या. काहींना ते झेपले नाही, त्यांनी सोडून दिले. काहींनी धरलाच नाही. गावाने तिघींनाही सारखेच वागवले. ज्याची त्याची नीयत, असे म्हणून लोक मोकळे झाले.

खरा वर्ग संध्याकाळी

अस्रची नमाज झाल्यापासून मगरिबपर्यंतचा वेळ कसा काढायचा, हा रमजानमधला जगभरचा प्रश्न. इंडोनेशियात त्याला एक खास शब्द आहे, ‘न्गाबुबुरित’. मूळचा सुंदानीज, पश्चिम जावातला. आता देशभर चालतो. रोजा उघडेपर्यंत उगाच हिंडत वेळ घालवणे. रस्त्याच्या कडेला टेबले मांडली जातात. रोजा उघडायच्या खाऊला म्हणतात ‘तक्जील’. इफ्तारला विलंब करू नये, घाई करावी, या अर्थाच्या अरबी शब्दावरून. त्यात सर्वांत लाडका ‘कोलाक’. केळी, रताळी, कधी भोपळा, नारळाच्या दुधात आणि गुळात शिजवलेला. कोकणातल्या माणसाला त्याची चव समजावून सांगायची गरज नाही.

एका संध्याकाळी वर्गातल्या चार मुली तिला बाजारात घेऊन गेल्या. दुकानदारीण बाई भाव सांगेना. हसून म्हणाली, मिसने इंडोनेशियनमध्ये विचारले तरच देईन. मिसने विचारले. मग मुलींपैकी एक पुढे झाली आणि म्हणाली, आता मी बाईंची वाक्ये मिसला इंग्रजीत सांगते. वर्गात कधी तोंड न उघडणारी हीच ती मुलगी, जिच्या नावापुढे ‘बोलता येत नाही’ अशी नोंद होती. ‘शी सेज, यू आर टू थिन. शी सेज, टेक टू.’ ‘शी’ बरोबर आले होते, दोन्ही वेळा.

तिथून पुढे रोज संध्याकाळी तो फेरफटका ठरून गेला. चारच्या नऊ मुली झाल्या, मग काही मुलगेही दहा पावले मागून चालू लागले. चालताना कोणी कोणाकडे बघत नसते, त्यामुळे चुकायची लाज वाटत नाही. केळी कशी शिजवतात, आजी कशी वारली, भाऊ मलेशियात काय काम करतो, परीक्षेनंतर काय करायचे आहे, हे सगळे मोडक्यातोडक्या इंग्रजीत बाहेर येऊ लागले. पाठ टाचणात यातले काहीच नव्हते. बदुग वाजला की पहिला घोट पाण्याचा, एखादा खजूर, आणि मग कोलाकची वाटी. मुली नमाजला जात. ती मशिदीच्या पायरीशी चपला सांभाळत बसे.

ज्याचे नाव कोणी घेत नाही

इथे एक अडचणीचा प्रश्न विचारलाच पाहिजे. तीन महिन्यांच्या प्रशिक्षणावर आलेली, कधी वर्ग न घेतलेली, पदवी दुसऱ्याच विषयातली मुलगी इंग्रजी शिकवू शकते, हे कशावरून? इंग्रजी तिची मातृभाषा आहे, एवढे पुरे आहे का? मातृभाषा मराठी असलेला प्रत्येक जण उद्या परदेशात जाऊन मराठी शिकवू शकेल का?

तिलाही हे लवकरच कळते. मुलाने विचारले, इथे ‘हॅव गॉन’ का आणि ‘वेंट’ का नाही, तर ती म्हणते, ‘‘कारण ते तसेच बरोबर वाटते.’’ नियम सांगतात शेजारी उभे असलेले तिथले इंग्रजीचे सर. या कार्यक्रमात स्वयंसेवकाने एकट्याने वर्ग घ्यायचा नसतो; स्थानिक शिक्षकाबरोबर जोडीने घ्यायचा असतो. हे सर परदेशी कधी गेलेले नाहीत. उच्चार त्यांचे जावानीज वळणाचे आहेत. पण कोणते वाक्य कोणत्या मुलाला कुठे अडेल, हे त्यांना तोंडपाठ आहे. २०१९ पर्यंत बारावीच्या राष्ट्रीय परीक्षेत इंग्रजीचा पेपर असे आणि मुलांचे भवितव्य त्यांनाच पेलायचे होते.

अशा सरांपैकी पुष्कळ जण कायम नोकरीत नसतात. ‘गुरू होनोरेर’ म्हणजे मानधनावरचे शिक्षक. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना त्यांचे दुखणे वेगळे सांगायला नको. शाळेच्या तुटपुंज्या पैशांतून मिळणारे मानधन, दुपारनंतर शिकवण्या, जमीन असेल तर शेती, आणि कधीतरी कायम होण्याची आशा. कधी होणार? बलुम. स्वयंसेविकेचा निर्वाह भत्ता साधाच. तरी तो बहुतेकदा या सरांच्या महिन्याच्या मिळकतीहून जास्तच. तिच्या त्यागाचे कौतुक होते, स्थानिक वर्तमानपत्रात फोटो येतो. सर फोटोच्या कडेला उभे असतात.

रमजानमध्ये हे तिला जास्त टोचू लागले. दान असे द्यावे की उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण तिने मशिदीच्या भोंग्यावरून ऐकली नव्हती. सरांनीच एकदा बोलता बोलता सांगितली. तिला वाटले, या शाळेत असा देणारा तर हाच माणूस आहे. त्यानंतर तिने दोन गोष्टी केल्या. संध्याकाळच्या फेरफटक्याला सरांना बोलावले, आणि बोलायचे काम त्यांच्यावर सोडून आपण मागे राहू लागली. आणि सरांना ज्याची खरी गरज होती ते केले : त्यांच्याबरोबर रोज अर्धा तास नुसत्या गप्पा, इंग्रजीत. दोन वर्षांनी ती जाणार होती. सर राहणार होते. त्यांची जीभ मोकळी झाली, तर पुढची पंचवीस वर्षे त्या शाळेला त्याचा उपयोग होणार होता.

माफ करा, आतून-बाहेरून

१७ ऑगस्ट हा इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. २०१० मध्ये तो सातव्या रोजाला आला. शाळेच्या मैदानावर भर उन्हात ध्वजवंदन झाले. शिक्षकांच्या रांगेत तीही उभी होती. शेजारच्या सरांनी हळूच सांगितले, १९४५ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली तोही रमजानच होता, नववा रोजा, शुक्रवार. देशाचा जन्मच रोजात झाला, हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. तिचा तो दिवस पूर्ण रोजाचा होता की अर्ध्या, हे नातवाला ठाऊक.

त्या वर्षी ईद १० सप्टेंबरला आली. तिथे तिला ‘लबारान’ म्हणतात. ईदआधीच्या आठवड्यात अख्खा देश रस्त्यावर येतो. जकार्ता, सुराबाया अशा शहरांत कामाला गेलेले लाखो लोक बस, रेल्वे, बोट, मोटारसायकल, मिळेल त्या वाहनाने गावाकडे निघतात. गणपतीला चाकरमानी कोकणात जातात, तशीच ही ओढ. इबूचा थोरला मुलगा रात्रभर मोटारसायकल चालवून आला, पाठीमागे बायको आणि मध्ये तान्हे मूल.

ईदच्या सकाळी नमाज झाल्यावर घरातले सगळे वयाच्या क्रमाने थोरांपुढे गुडघे टेकतात, त्यांचा हात धरतात आणि म्हणतात, ‘मोहोन माअफ लाहिर दान बातिन.’ उर्दू कानाला यातले जाहिर आणि बातिन लगेच ऐकू येईल. बाहेरून झालेली आणि आतून झालेली, माझी प्रत्येक चूक माफ करा. आईवडील मुलांना म्हणतात, मुले आईवडिलांना म्हणतात, शेजारी शेजाऱ्याला म्हणतात, आणि दारोदार जाऊन म्हणतात. नारळाच्या कोवळ्या पात्याच्या विणलेल्या डबीत शिजवलेला भात, ‘कुपात’, खायला देतात. जावातले लोक त्या नावाची फोडही ‘चूक कबूल करणे’ अशीच करून सांगतात.

तिची पाळी आली तेव्हा तीही इबूपुढे बसली. वाक्य पाठ केले होते. अर्ध्यावर आवाज फुटला. चौकशीखोर वाटलेल्या शेजारणी, अडाणी वाटलेली मुले, ‘बोलता येत नाही’ म्हणून केलेली नोंद, हे सारे बातिनमध्ये होते आणि त्यातले कोणालाच माहीत नव्हते. इबूने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेच वाक्य तिलाही म्हटले. माफी मागायला थोरांना कमीपणा वाटू नये, हा त्या दिवसाचा रिवाज आहे.

सगळ्यांनाच असा निरोप मिळाला नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत संस्थेने साठेक देशांतले आपले सुमारे सात हजार स्वयंसेवक एकदम परत बोलावले. नव्याने आलेल्या कित्येकांना सामान भरायलाही धड वेळ मिळाला नाही. रमजान महिनाभरावर आला होता. ज्यांनी पहिल्या रोजाची तयारी केली होती, त्यांनी तो विमानतळापलीकडे, हजारो मैलांवरच्या आपल्या घरात, फोनच्या पडद्यावरून पाहिला. चपला सांभाळायला पायरीच नव्हती.

तरी शाळा थांबली नाही. ईदची सुट्टी संपली की सोमवारी पुन्हा सात वाजता मुले फाटकाशी येतात, सरांचा हात कपाळाला लावतात. मानधन तेवढेच आहे, वर्गात मुलेही तेवढीच. सर फळ्यावर दोन्ही भाषांत वाक्य लिहितात आणि फरक शोधायला सांगतात. कोणी त्यांना विचारले, मुलांना आता इंग्रजी येते का, तर ते हसून एकच शब्द उच्चारतात : बलुम. आणि खडू उचलतात.